माहेरी नदी, सासरी देवी

२१ एप्रिल २०२५, सोमवार. जळगाव

भाचीचं ठरलं. मुलगा धुळ्याचा, जात वेगळी, दोघंही पुण्यात नोकरीला. भाऊजी बरेच दिवस तोंड फिरवून बसले होते, परवा एकदम म्हणाले, "करा, पण वाजतगाजत नको." म्हणजे रजिस्टर लग्न. पोरगी इंजिनिअर, पण तिचाही समज असा की ऑफिसात जायचं, सह्या ठोकायच्या, पेढे वाटायचे. मी शाळेच्या ऑफिसात उभा जन्म काढला, त्यामुळे नात्यातला प्रत्येक कागद शेवटी माझ्याच दारी येतो. तिला म्हटलं, आधी ठरव, तुला लग्न करायचंय की झालेल्या लग्नाची नोंद करायचीय?

भटजींनी, काझींनी, भन्तेजींनी लावलेलं लग्न महापालिकेत नाहीतर ग्रामपंचायतीत नोंदवायचं, ते राज्याच्या १९९८ च्या कायद्यानं. तिथला निबंधक लग्न लावत नाही, लागलेलं लिहून घेतो. नमुना 'ड'चं ज्ञापन, त्यावर शंभराचं कोर्ट फी तिकीट, लग्नपत्रिका, तीन साक्षीदार, लग्न लावणाऱ्याची सही. मग हातात पडतं ते नमुना 'ई'चं प्रमाणपत्र. विशेष विवाह कायदा १९५४ चा, तो निराळा. तिथं विवाह अधिकाऱ्यासमोर दोघांनी उच्चारलेलं वाक्य हेच लग्न. आणि हा अधिकारी नोंदणी व मुद्रांक विभागाचा, म्हणजे ज्या खात्यात जमिनीची खरेदीखतं होतात त्याच खात्याचा.

तिची एक मैत्रीण न्यू जर्सीत असते. तिला म्हणे आधी लायसन्स काढावं लागलं, मग लग्न. आपल्याकडे लायसन्सची भाषा १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्यात आहे, पण ते लायसन्स लग्न लावणाऱ्याला मिळतं, नवरानवरीला नाही.

२४ एप्रिल, गुरुवार

नोटीस दिली. दोघांपैकी एकाचं तरी जिल्ह्यात तीस दिवस राहणं हवं, ते भाचीच्या घरच्या पत्त्यानं भागलं. मुलाचं कायमचं घर धुळ्याचं, म्हणून नोटिशीची प्रत तिकडच्या विवाह अधिकाऱ्याकडेही जाणार आणि तिथंही फलकावर लागणार. भाऊजींना घाम फुटला तो इथं. वाजतगाजत नको म्हणणाऱ्या माणसाच्या मुलीचं नाव आता दोन जिल्ह्यांच्या भिंतींवर महिनाभर!

त्यांची समजूत घातली. हरकत कोणीही घेऊ शकतो, पण कारणं ठरलेली आहेत: आधीचा जोडीदार हयात असणं, मनाची अवस्था संमती देण्याजोगी नसणं, मुलाला २१ किंवा मुलीला १८ पुरी नसणं, निषिद्ध नातं. जात त्या यादीत नाही. उगीच हरकत घेणाऱ्याला हजार रुपयांपर्यंत खर्चाचा भुर्दंडही बसू शकतो. गंमत म्हणजे निषिद्ध नात्यांच्या परिशिष्टात मामाची मुलगी आहे. आपल्याकडे जिच्यावर पहिला हक्क सांगतात ती या कायद्यापुढे आडवी येते. रूढी दाखवून सूट मागता येते, तीही राज्यानं राजपत्रात ती रूढी जाहीर केली असेल तरच.

नोटिशीची ही जाहिरात मला स्वतःला खटकते. अलाहाबाद उच्च न्यायालयानं जानेवारी २०२१ मध्ये म्हटलं की ती जोडप्याच्या इच्छेवर सोडावी. तो निकाल तिकडचा. इथं भिंत आहे आणि टाचणी आहे. ज्यांना घरातूनच धोका असतो अशा पोरापोरींनी या महिन्यात काय करायचं, हे कायदा लिहिणाऱ्यांना सुचलं नसेल असं मला वाटत नाही. त्यांना आईबापांची बाजू जास्त दिसली असणार.

३० एप्रिल, बुधवार. आखाजी (अक्षय्य तृतीया)

फुई आली. बाबांची धाकटी बहीण, राहते धुळ्याला. फुवा फेब्रुवारीत गेले. नवरा गेल्यावरची पहिली आखाजी, यायला तयार नव्हती. मीच भावाला गाडी घेऊन पाठवलं. आमरस-पुरणपोळी झाली. शेजारच्या पोरी लिंबाच्या झोक्यावर होत्या, तिकडे बघत बसली.

मग पिशवीतून कागद काढले. आजोबांच्या अमळनेर तालुक्यातल्या जमिनीच्या सातबाऱ्यावर तिचं नाव लागलंय, पण ते माहेरचं, एका नदीचं. लग्नात सासरच्यांनी ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीनं नवं नाव लिहिलं, ते एका देवीचं. आधार, रेशन कार्ड, मतदार यादी, फुवांचे सगळे कागद, सगळीकडे देवी. आता जमिनीची वाटणी निघाली आहे आणि चुलतभाऊ मोठ्या मायेनं विचारतो, "फुई, ही सातबाऱ्यावरची बाई म्हणजे तूच, याला पुरावा काय?" त्याचा पर्याय तयार आहे: हक्कसोडपत्र. आमच्याकडे बहिणी साडीचोळीवर हक्क सोडतात आणि भाऊ रडतात, अशी रीत आहे.

फुई म्हणाली, "मी सोडाव नई." मी तिच्याकडे बघतच राहिले. उभ्या आयुष्यात तिच्या तोंडून असं वाक्य ऐकलं नव्हतं.

पुरावा म्हणजे लग्नाचा कागद. अमक्याची मुलगी नदी हिचं तमक्याशी लग्न झालं, एवढी एक ओळ.

६ मे, मंगळवार

तलाठी भला माणूस. (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं आणि ग्रामसेवकाला ग्रामपंचायत अधिकारी, गावात अजून तलाठीअण्णा आणि ग्रामसेवकभाऊच चालतं.) तो म्हणाला, विवाह प्रमाणपत्र आणा, फेरफार लगेच धरतो.

ग्रामसेवकाकडे गेले. त्यानंही खरं तेच सांगितलं. ज्ञापनावर नवराबायको दोघांच्या सह्या लागतात, दोघांना समोर हजर राहावं लागतं. फुवा कुठून आणू? त्यांच्या हयातीत अर्ध्या तासाचं काम होतं. मागे मी दोघांना म्हटलंही होतं, नोंद करून घ्या. फुवा हसले होते: "या वयात? लोक म्हणतीन आत्ते लगीन करी ऱ्हायनात!"

ग्रामसेवक तसा आखाजीच्या धावपळीनं दमलेला. लग्नाची नोंद करणारा निबंधक तोच, गावचा बालविवाह प्रतिबंधक अधिकारीही तोच. मुहूर्ताच्या दिवशी मांडवामांडवांत फिरून नवरीचे दाखले बघायचे आणि पुढच्या आठवड्यात त्यांचीच नोंद करायची.

९ मे, शुक्रवार

जुन्या नोंदी कुठं असतील याचा विचार करते आहे. कागदोपत्री मुंबई राज्याचा १९५३ चा विवाह नोंदणीचा कायदा होता. सर्वोच्च न्यायालयानं १४ फेब्रुवारी २००६ ला देशभर नोंदणी सक्तीची करायला सांगितलं, तेव्हा त्या निकालात महाराष्ट्राचं नाव आधीच कायदा असलेल्या राज्यांत होतं. छान वाटलं वाचून. पण फुईच्या लग्नात असा काही कायदा आहे हे मांडवातल्या एकालाही ठाऊक नव्हतं.

जन्म आणि मृत्यू मात्र सरकारनं सोडले नाहीत. कोतवाल बुक, गाव नमुना १४. कोतवालानं गावात फिरायचं, कोणाच्या घरी काय झालं ते सांगायचं, आणि ते जातीसकट लिहिलं जायचं. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती बसली आणि तहसिलांच्या रेकॉर्ड रूममधून हीच बुकं बाहेर आली. मोडी वाचणाऱ्या म्हाताऱ्यांना अचानक भाव आला. त्यात माणूस जन्मतो आणि मरतो. मधलं लग्न नाही.

भुसावळची रेल्वे आठवली. तिथल्या साहेब आणि अँग्लो-इंडियन ड्रायव्हर-गार्डांची लग्नं चर्चमध्ये लागत, चर्च त्यांच्या नकला वरती पाठवी, आणि मुंबई इलाख्याच्या त्या वह्या आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. ऑस्ट्रेलियात बसलेल्या पणतूला शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचं पणजोबाचं भुसावळचं लग्न सापडतं. माझ्या फुईचं १९६७ चं लग्न अमळनेर तालुक्यात सापडेना.

१५ मे, गुरुवार. धुळे

फुईला घरी सोडलं. परतीची एसटी दुपारची, म्हणून मधल्या वेळात राजवाडे संशोधन मंडळात जाऊन आले. नंबरांच्या गल्ल्यांचं हे गाव मला आवडतं. १८१८ नंतर ब्रिग्ज साहेबानं आखलं, पत्ता सांगायला वळणं लागत नाहीत.

वि. का. राजवाडे इथंच, धुळ्यात, ३१ डिसेंबर १९२६ ला गेले आणि लगेच पुढच्या महिन्यात त्यांच्या नावानं मंडळ उभं राहिलं. भारतीय विवाहसंस्थेचा इतिहास लिहायला घेतलेला हा माणूस. तरुणपणी बायको वारली, पुन्हा लग्न केलं नाही, आणि गावोगावच्या जुन्या दप्तरांचे रुमाल गोळा करत हिंडला. लग्न या गोष्टीवर एवढं निर्भय लिहायला बहुधा असाच मोकळा माणूस लागतो. त्यांचे ते निबंध मी कॉलेजात असताना लपवून वाचले होते. काही पानं आजही मोठ्यानं वाचायची हिंमत होणार नाही.

तिथं कागदपत्रं चाळत बसलेल्या एका अभ्यासकांना सहज विचारलं, जुन्या दप्तरांत लग्नं सापडतात का हो? म्हणाले, सापडतात की, जमाखर्चात शोधा. पेशवाईतल्या करांत लग्नटका होता, लग्नावरचा कर. विधवेनं पाट लावला तर पाटदाम. म्हणजे कारकुनानं लग्न लिहिलं ते वसुलीपुरतं, नवरीचं नाव लिहायची त्याला गरजच नव्हती. गावच्या जोशाचंही तेच, वतनाचा हक्क म्हणून दक्षिणा त्याची ठरलेली. सत्यशोधकांनी १८७३ पासून भटाविना लग्नं लावायला घेतली, तेव्हा ओतूरचे ग्रामजोशी कोर्टात गेले ते याच हक्कासाठी. नमुना 'ड'मधली लग्न लावणाऱ्याच्या सहीची ओळ मला तेव्हापासून जरा वेगळी दिसायला लागली आहे.

एसटीत बसल्यावर हेच डोक्यात. लग्न लिहिलं कोणी? ज्याला त्यातून काही घ्यायचं होतं त्यानं. सरकारला कर, जोशाला दक्षिणा. आमचा भाट वंशावळ वाचायला यायचा, त्याच्या पोथीत मुलगे पिढ्यान्‌पिढ्या. लेकी नाहीत, कारण लेकीकडून त्याला बिदागी मिळत नव्हती. साक्री-शिरपूरकडच्या भिल्ल-पावरा वस्त्यांत देज ठरतं, ते पंचांच्या तोंडी हिशेबात. हिंदू विवाह कायदा अनुसूचित जमातींना लागूच नाही, त्यामुळे तिथं उद्या एखाद्या फुईला सातबाऱ्यापुढं उभं राहावं लागलं तर तिचा आधार पंच.

मग फुईच्या लग्नातून कोणाला काही मिळालं होतं? पारोळ्याच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा डोक्यात आलं: आहेर.

२० मे, मंगळवार

आहेराच्या आधी शाळा. हे मला पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं असं आमचे जुने हेडमास्तर म्हणाले असते. गावच्या जिल्हा परिषद शाळेचे मुख्याध्यापक सुट्टीतही आले, कपाट उघडून दिलं. जनरल रजिस्टर, जाड कापडी बांधणीचं, कडा वाळवीनं खाल्लेल्या, आतली शाई ठणठणीत. रजिस्टर नंबर, विद्यार्थिनीचं नाव, जात, जन्मतारीख, इयत्ता, शाळा सोडल्याची तारीख आणि शेवटचा रकाना, शाळा सोडण्याचं कारण.

नदीच्या नावापुढं इयत्ता सहावी, जून १९६७. कारण: 'लग्न झाल्यामुळे'.

त्या पानावर खाली-वर आणखीही पोरींची नावं होती, आणि कारणाच्या रकान्यात तेच दोन शब्द, काही ठिकाणी नुसत्या टिंबाटिंबांच्या खुणा. मी अशा रजिस्टरांत आयुष्यभर लिहिलं. मुलग्यांपुढं 'परगावी गेल्यामुळे', 'गैरहजेरी', मुलींपुढं हे. विवाह नोंदवही नव्हती असं आपण म्हणतो. गावोगावच्या शाळांच्या कपाटांत ती पडून आहे.

चुलतभावानं उतारा वाचला आणि त्याचं लक्ष जन्मतारखेवर गेलं: १ जून १९५३. म्हणजे चौदा वर्षं. "हे दाखवू नको, उलट गुन्हा होईल." त्याला सांगितलं, शारदा कायदा १९२९ चा, मुलीचं वय त्यात १९४९ ला पंधरा केलं, अठरा झालं १९७८ ला. त्या कायद्यानं लग्न लावून देणारे दोषी ठरत, लग्न रद्द होत नसे. आणि लावून देणारे, म्हणजे तुझे-माझे आजोबा, आता कोणत्या कोर्टात उभे राहणार? तो गप्प झाला. पण उताऱ्यानं काम अर्धंच झालं होतं. लग्न झालं हे कळलं, कोणाशी ते नाही.

२७ मे, मंगळवार

पाऊस काल मुंबईत पोचल्याची बातमी, इकडेही आभाळ भरलेलं. आजोबांच्या घरची पत्र्याची पेटी वहिनीनं माळ्यावरून काढली. चुलतभाऊ शेतात गेलेला. वहिनी म्हणाली, "ते यायच्या आधी बघून घ्या." ती पण कोणाची तरी लेक आहे.

आहेराची वही निघाली. लाल कापडी, उभी, वर 'श्री', खाली शके १८८९, वैशाख वद्य. मग वधूचं नाव, नदी, आजोबांच्या नावासकट. वराचं नाव, त्यांच्या वडिलांचं, गाव मुक्काम पोस्ट. आणि त्यानंतर पानंच्या पानं: सव्वा रुपया. लुगडं एक. पितळी तांब्या. पायलीभर गहू. दोन रुपये, पुढं कंसात 'त्यांच्या दिनूच्या लग्नात आपण सव्वा दिला होता'. भटजींची दक्षिणा वेगळी लिहिलेली. बँडवाल्याला इसार. वरण-बट्टीच्या पंगतीला गेलेलं तूप शेरांत.

एवढं काटेकोर का, तर परतफेड करायची असते. कोणी काय दिलं ते विसरलं तर पुढच्या लग्नात नाक कापलं जातं. लग्नाची याहून पक्की नोंद मी पाहिली नाही: तारीख, दोन्ही घरं, आणि साक्षीदार तीन कशाला, दोनेकशे, प्रत्येकानं किती रुपयांची साक्ष दिली त्यासकट.

वहीचे फोटो काढले. वही वहिनीनं दिलीच नाही, म्हणाली घरातली लक्ष्मी बाहेर जात नाही. बरोबर आहे. तलाठीअण्णांना इथंच येऊन बघायला सांगेन.

१ जून, रविवार

आज निम्म्या खानदेशाचा वाढदिवस. शाळेत घालताना जन्मतारीख माहीत नसली की मास्तर १ जून लिहीत, म्हणजे जूनमध्ये पोर वयात बसे. माझ्या वर्गात आम्ही अर्ध्याहून अधिक जणी एकाच दिवशी जन्मलो. फुईला फोन केला, म्हटलं बहात्तर पूर्ण. म्हणाली, "मी तं आवसले झायेल शे, आई सांगे."

उद्या भाचीचं. साडीच्या निऱ्या काढून ठेवल्या.

२ जून, सोमवार

झालं. हरकत कोणाची आली नाही. धुळ्याच्या फलकावरची नोटीस मुलाच्या एका काकांनी वाचली होती. त्यांनी हरकत घेण्याऐवजी नातेवाइकांच्या ग्रुपवर फोटो टाकून अभिनंदन केलं. भाऊजींची महिनाभराची झोप फुकट गेली.

खोलीत टेबल, संगणक, अंगठ्याचं यंत्र, वेबकॅम. आमच्या आधी एक खरेदीखत चाललं होतं, चार जण वेबकॅमसमोर पडलेल्या चेहऱ्यानं. मग आम्ही. अधिकाऱ्यांनी प्रतिज्ञा वाचून दाखवली, दोघांनी आपापल्या तोंडानं म्हटली: मी तुला कायदेशीर पती, कायदेशीर पत्नी म्हणून स्वीकारते-स्वीकारतो. मुलाचा आवाज चिरकला. भाचीनं एका दमात म्हटलं. तीन साक्षीदारांत एक मी. प्रमाणपत्राच्या पुस्तकात सह्या झाल्या. या पुस्तकातला उतारा पुढं केव्हाही, कोणालाही, फी भरून मागता येतो, भाचीच्या नातीलाही. आणि नाव? अधिकाऱ्यांनी विचारलंही नाही. कायद्यात नाव बदलायला लावणारं काही नाहीच. ती होती तीच राहिली, वडिलांचं नाव, आडनाव, सगळं. सासूबाई हळूच म्हणाल्या, "तांदळात लिहायचं का एखादं? हौस म्हणून?" भाची म्हणाली, "आई, लिहा की, पण माझंच."

१८७२ च्या जुन्या विशेष विवाह कायद्यात असं लग्न करायचं तर आधी लिहून द्यावं लागे की आम्ही हिंदू नाही, मुसलमान नाही, ख्रिस्ती नाही. १९२३ मध्ये त्यात थोडी सवड झाली. आज कोणी काही नाकारलं नाही. भाऊजींनी दाराबाहेर येऊन खिशातल्या चांदीच्या गणपतीला हात लावला आणि पेढ्याचा डबा उघडला.

समाजकल्याण विभागाची आंतरजातीय विवाहाची ५०,००० रुपयांची योजना आहे, मुलगा तिच्या अटीत बसतो. मी अर्ज आणून ठेवलाय. दोघं नको म्हणतात. बघू.

१० जून, मंगळवार. वटपौर्णिमा

बायका वडाला गेल्या आणि मी फुईला घेऊन तलाठ्याकडे. शाळेचा उतारा, आहेरवहीच्या पानांचे फोटो आणि वही पाहिल्याचा पंचनामा, फुवांच्या नावावरचं जुनं रेशन कार्ड ज्यात पत्नी म्हणून देवी, दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र, आणि गावातल्या दोन म्हाताऱ्यांचे जबाब. एक ऐंशीच्या पुढची, फुईची करवली होती. तिला विचारलं, लग्न कधी झालं? "दुष्काय नव्हता तव्हय," म्हणाली, "आनि हाई भलती रडनी व्हती."

तलाठ्यानं फेरफार धरला. नोटीस चावडीवर पंधरा दिवस. लग्नाला तीस, जमिनीला पंधरा. चुलतभाऊ बाहेर उभा होता, आत आला नाही.

फुईनं सही केली. आधी नदीची केली, सहावीतली, गोल अक्षरांची. मग तिच्याखाली देवीची. तलाठी म्हणाला, आजी, एकच हवी. ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे दोन्ही."

२६ जून, गुरुवार

मुदत काल संपली. हरकत नाही. आता मंडळ अधिकाऱ्यांनी नोंद प्रमाणित करायची, मग वाटणीचा अर्ज. फुईला फोन करून हे सगळं नीट समजावून सांगितलं, कलमं, टप्पे, कुठं सही, कुठं फोटो. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते समदं ऱ्हाऊ दे. मना वाटाले कितला गुंठा येतीन?"

क्षेत्र काढून हिशेब करायला बसले आहे. विहीर कोणाच्या हिश्श्यात जाते त्यावर बरंच आहे.